आजीची खुर्ची

"तबला कुठाय रे? नुसतं घुमतंय की," आजी म्हणाली आणि माझा हात नॉबवरच थांबला.

सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, मी कोपऱ्यात सरकवला होता. दोन भिंतींमुळे तिथं खर्ज फुगतो, हे माहीत असूनही. फडताळातली ताटं थरथरत होती.

मग तो उचलून आजीच्याच खुर्चीत, सोलापुरी चादरीवर ठेवला, तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि शहाबादी फरशीवर रांगत खोलीभर ऐकत फिरलो: जिथं स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. खिडकीखाली डग्गा स्वच्छ ऐकू आला. सबवूफर तिथंच मांडला. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा, १२० वरून ८० हर्ट्झवर आणला; फेज, म्हणजे बाकीच्या स्पीकरांशी त्याच्या लहरींचा मेळ, १८० अंशांवर.

आजी परत बसली. डोळे मिटले, बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

आठ दिवस ती ते घुमणं सोसत होती. आधी का नसेल बोलली?