एका घरात दोन कारभारी

मागच्या खोलीत वायफायची एक काडी यायची, तीही दार उघडं असेल तर. कपाटात जुना राउटर पडून होता. म्हटलं, पुढच्या राउटरपासून भिंतीच्या कडेनं केबल न्यायची आणि हा तिथे जोडायचा. काम अर्ध्या तासाचं होतं, मला दोन संध्याकाळी लागल्या.

पहिल्यांदा केबल सरळ वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं इंटरनेट आत घेण्याच्या खाचेत) खोचली, कारण तो वेगळ्या रंगाचा असतो आणि 'इथेच लाव' असं म्हणत असतो. नेट आलं. पण मागच्या खोलीतून पुढच्या राउटरवरचा प्रिंटर दिसेना. पुढच्या राउटरचा पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा घरक्रमांक, १९२.१६८.१.१, मागच्याचा १९२.१६८.०.१. मागच्यानं आपलं वेगळं नेटवर्क थाटलं होतं, आणि फोन प्रिंटरला हाका मारायचा त्या मागच्या राउटरच्या उंबऱ्याच्या बाहेर जातच नव्हत्या.

मग केबल काढून लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडण्याच्या खाचेत) घातली आणि खरा गोंधळ सुरू झाला. बाबांच्या फोनवर नेट चालू, माझ्या फोनवर बंद, अन् फोन बंद करून चालू केला की कधीकधी उलटं. दोन्ही राउटरांचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम, चालू होतं. नवं उपकरण 'मला पत्ता द्या' म्हणालं की दोघंही धावायचे. आधी पोचेल त्याचा पत्ता लागू. जुन्याकडून घेतला तर गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायचं दार, म्हणून तो स्वतःचंच नाव सांगणार, आणि त्याचा वॅन पोर्ट तर रिकामा!

म्हणजे जुन्याचा कारभार काढून घेणं आलं. केबल सोडवून त्याला एकट्या लॅपटॉपला जोडला. आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, पुढचा राउटर १९२.१६८.१.१०० पासून पुढचे पत्ते वाटतो, त्यामुळे टक्कर नाही. मग डीएचसीपी बंद. हा क्रम मी आधी उलटा केला होता. पत्ते वाटणारं कुणी उरलं नाही, लॅपटॉप बाहेरच राहिला, आणि शेवटी हातानं पत्ता भरून आत शिरावं लागलं. नव्या राउटरांत हे सगळं एका झटक्यात करणारा 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' हा पर्याय असतो म्हणे. माझा त्या पिढीतला नाही.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवले, चॅनेल (वायफायचा रेडिओ पट्टा) मात्र पुढे १, मागे ११, म्हणजे दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. तरी माझा फोन मागच्या खोलीत येऊनही पुढच्याच राउटरला चिकटून बसायचा. कधी सोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. पुढच्याची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) थोडी उतरवली, तेव्हा कुठे त्यानं हट्ट सोडला.

जुन्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, त्यामुळे मागे वेगाला तेवढीच मर्यादा. चालतंय. त्याच्या पोटाला नव्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवली आहे आणि वॅन पोर्टवर चिकटपट्टी. पुढच्या साफसफाईत केबल निघाली, तर ती परत खोचणारा बहुधा मीच असणार.