कुत्रा माझा, फोटो त्याचा

फोटोखाली ‘सौजन्य : गूगल’ असं लिहिलं की आपण सुटलो, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. पाळीव प्राण्यांच्या एका वेबसाइटसाठी मी पुण्यात काम करते आणि कॉपीराइटच्या तक्रारी माझ्याकडे येतात, कारण ऑफिसात त्या दुसऱ्या कुणालाच नको असतात. मी वकील नाही. वकील आहेत, पण ते तासावर पैसे घेतात. त्यांच्यापर्यंत काय जाऊ द्यायचं नाही, हे बघणं हेच माझं खरं काम.

लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस होता. ऑफिसात मी, एक इंटर्न आणि फराळाचे अर्धे रिकामे डबे. दिवाळीत आमच्याकडे ‘हरवला आहे’च्या सूचनांची रीघ लागते. फटाक्यांना बिचकून कुत्री फाटकातून निसटतात, हातातला पट्टा हिसडून पळतात. त्या सकाळी अशा चौदा सूचना आल्या होत्या आणि सोबत दोन तक्रारी.

पहिलीवर मी दहा मिनिटंही घालवली नाहीत. एका वाचकाने कुत्र्यांच्या खाद्याचं परीक्षण लिहिलं होतं. पाकिटावर पुढे चिकनचं चित्र आणि मागच्या यादीत पहिला घटक मका, असा त्याचा आक्षेप, आणि पुराव्याला पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो. कंपनीचं म्हणणं, पाकिटाचं डिझाइन आमच्या मालकीचं, फोटो काढा. आता लेबलवर टीका करायची तर लेबल दाखवायला नको? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात टीका आणि समीक्षेला स्पष्ट मोकळीक आहे. तसं दोन ओळींत कळवलं. त्या वाचकाने कंपनीची अख्खी जाहिरातही जोडली होती, ती मात्र मी काढली. मक्याबद्दल बोलायला जाहिरातीतली नाचणारी पिल्लं कशाला लागतात?

या बाबतीत लोक ‘फेअर यूज’ हा शब्द ताईतासारखा वापरतात. तो अमेरिकेतला. तिथलं न्यायालय चार गोष्टी तोलतं : वापर कशासाठी, मूळ कृती कोणत्या प्रकारची, घेतलं किती, आणि मूळ मालकाच्या बाजाराला किती धक्का बसला. आपल्याकडे ‘फेअर डीलिंग’ आहे, आणि ते ठरावीक कारणांपुरतंच : खासगी वापर किंवा संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. शिवाय शिक्षण, न्यायालयीन काम वगैरेंसाठी वेगळी पोटकलमं. तुमचं कारण यादीत बसत नसेल तर हेतू कितीही चांगला असो, अडचणच.

दुसरी तक्रार नेमकी अशीच होती. चार ओळी, तीन उद्गारचिन्हं. ‘गुंड्या हरवला आहे’ या सूचनेतला फोटो माझा आहे, परवानगी घेतलेली नाही, नाव कापलंय, ताबडतोब काढा. पाठवणारा लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण.

गुंड्या हा गावठी, तपकिरी. डाव्या कानाला खाच. भटक्या कुत्र्याची नसबंदी झाली की कानाला अशी खाच देतात, पुन्हा पकडलं जाऊ नये म्हणून. घरी आणलेल्या कुत्र्याला मात्र ती खूण महागात पडते. कोणत्याही सोसायटीत शिरला तरी लोक कान बघतात आणि म्हणतात, इथलाच असेल.

मी सूचना देणाऱ्या काकूंना फोन केला. सत्तरीच्या आहेत, सिंहगड रोडला राहतात, रात्रभर झोपलेल्या नव्हत्या. फोटो कुणी काढला, असं विचारलं.

“दत्तक शिबिरात एक मुलगा काढत होता सगळ्यांचे. त्याने पाठवला मला.”

“पैसे दिले होते का त्याला?”

“पैसे कसले? चहा पाजला.”

हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर १७व्या कलमाप्रमाणे त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. एरवी, ज्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं तो. कटिंग चहाला मोबदला म्हणायचं का, यावर एखादा वकील माझ्याकडून दोन तासांचे पैसे घेईल. मी मनातल्या मनात ‘नाही’ म्हटलं.

“काकू, मग फोटो त्याचा आहे.”

“अगं, कुत्रा माझा, मग फोटो त्याचा कसा?”

याला माझ्याकडे कायद्याचं उत्तर होतं, माणसाला देण्यासारखं नव्हतं. इंडोनेशियातल्या एका माकडाने छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर स्वतःचे फोटो काढले, त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१८मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की तिथल्या कॉपीराइट कायद्याखाली प्राण्याला दावा लावता येत नाही. कुत्रा हरवलेल्या बाईला मी हे ऐकवणार होते की काय?

तक्रार नियमांनुसार अपुरी होती. २०१३च्या कॉपीराइट नियमांतला ७५वा नियम तक्रारदाराकडून बरंच मागतो : मालकी दाखवा, हा वापर ५२व्या कलमात बसत नाही हे दाखवा, २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी द्या. एवढं सगळं आलं आणि आमची खात्री पटली, तर ३६ तासांत मजकूर बंद करायचा. २१ दिवसांत आदेश नाही आला तर पुन्हा लावता येतो. या पोराने यातलं काहीच दिलं नव्हतं. ‘तक्रार अपूर्ण’ असं उत्तर पाठवून मी चकली खात बसू शकले असते. पण फोटो त्याचा होता हे मला आता माहीत झालं होतं, आणि माहीत झाल्यावर न कळल्याचं सोंग मला जमत नाही. दुसरीकडे, सूचना काढली तर गुंड्याचा एकमेव धड फोटो जातो. काकूंच्या फोनमधल्या बाकी फोटोंत तो एक तर सोफ्याखाली, नाही तर नुसतं हललेलं शेपूट.

म्हणून सरळ त्याला फोन लावला. आधी तो तडकलेलाच होता. म्हणाला, “मॅडम, फुकट काढून देतो, वर नावही कापतात.” मी त्याला मूळ फोटो पाठवायला सांगितला. खरं तर मालकी तपासायची म्हणून.

मूळ फोटो आला. मी दोन्ही शेजारी लावले, आणि इंटर्न माझ्या खांद्यावरून म्हणाली, “ताई, याचा पाय पांढराय.”

खरंच होता. पुढचा एक पंजा मोजा घातल्यासारखा पांढरा, बाकी अंगावर कुठे पांढरा केस नाही. आणि त्या पंजाच्या शेजारीच बारीक अक्षरात फोटोग्राफरचं नाव. काकूंच्या भाच्याने व्हॉट्सअॅपसाठी नाव कापलं, त्याबरोबर पायही गेला. रात्रभर सगळीकडे फिरत होता तो खाचेच्या कानाचा एक तपकिरी कुत्रा. असे पुण्यात गल्लीगणिक दोन.

मी त्याला पुन्हा फोन केला आणि पायाचं सांगितलं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, “मग पूर्ण लावा ना. नावासकट.” हे लेखी द्या, म्हटलं. त्याने ईमेल केली : हरवल्याच्या सूचनेसाठी वापरायला हरकत नाही. नाव दिसलंच पाहिजे, हा त्याचा आग्रह हट्ट नव्हे. कर्ता म्हणून ओळख सांगण्याचा हक्क ५७व्या कलमाने त्याला दिलेलाच आहे. दुपारी बाराच्या आत कापलेला फोटो उतरला, पूर्ण फोटो चढला, आणि ‘पांढरा पंजा’ हे शब्द मथळ्यात गेले.

गुंड्या तिसऱ्या दिवशी सापडला, दोन सोसायट्या पलीकडे, पार्किंगमधल्या जनरेटरच्या मागे. काकूंच्या मते वॉचमनने पायावरून ओळखला. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, गळ्यात पट्टा होता म्हणून फोन केला, फोटोबिटो काही बघितला नाही. आता काय बोलणार.

संध्याकाळी काकूंचा फोन. “अगं, आता ‘सापडला’ असं लिही आणि तोच फोटो ठेव. किती छान आलाय!”

परवानगी फक्त ‘हरवला’साठी होती. मी मुकाट्याने पुन्हा ईमेल लिहिली : आपला फोटो ‘सापडला’ या सूचनेसाठी वापरू का?

उत्तर दोन मिनिटांत आलं. “लावा. पाय कापू नका.”