नेवाळीची धावपट्टी

आज कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी नाक्यावर मुद्दाम उतरलो आणि ज्या विमानतळाविषयी लहानपणापासून ऐकत आलो होतो, त्या जमिनीकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो.

दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले, मार्चमध्ये रंगून गेले आणि एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले. त्या धास्तीच्या काळात ब्रिटिश सरकारने देशभर घाईने तळ उभारले आणि त्यांतलाच एक मुंबईच्या पाठीशी, कल्याणजवळच्या या भातखाचरांत आला. त्यासाठी आसपासच्या गावांची सुमारे १,६०० एकरांहून अधिक जमीन घेण्यात आली. पावसाळ्यात गुडघाभर चिखल होणाऱ्या खाचरातून जड विमान उडणे शक्य नाही, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या आवणी, म्हणजे भाताची लावणी, होत असे तिथे टणक धावपट्टी आली. आणि मला वाटते, विमानतळाच्या इतिहासातला खरा अध्याय विमानांचा नसून या मोडलेल्या बांधांचा आहे.

युद्ध संपले, विमाने गेली, पण जमीन सरकारकडेच राहिली आणि पुढे ती नौदलाच्या ताब्यात आली. शेतकऱ्यांनी मात्र तिथे पुन्हा नांगर धरला होता, त्यामुळे कुंपणाचे काम सुरू झाल्यावर २२ जून २०१७ रोजी याच नाक्यावर आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली.

चहाच्या टपरीवर एका वृद्ध आजोबांना मी धावपट्टी कुठे होती असे विचारले. त्यांनी हात वर करून दाखवले ते मात्र आपल्या आजाचे शेत.