महापालिका शाळेत अभ्यासवर्गाची परवानगी : माझा अनुभव (चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा धर्मादाय कार्यालयातला अर्ज, पेंडिंग असलेल्या संस्थांनी नक्की वाचा)

आमचा वर्ग सुरू झालाय, मुलं येतायत, तरी त्या परवानगीचा राग अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आमच्यासारख्या छोट्या संस्था चालवणाऱ्या दोघी-तिघींशी बोलले तर त्याही ह्याच कागदावर अडकलेल्या निघाल्या, आणि कुठे नीट एका जागी लिहिलेलं काही सापडत नाही.

काम एवढंच होतं. महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शाळा सुटल्यावर तासभर वर्ग, तिसरी ते पाचवीच्या ज्या मुलांना सलग वाचता येत नाही किंवा हातच्याची वजाबाकी जमत नाही त्यांच्यासाठी. शिकवणाऱ्या ताया आमच्या, साहित्य आमचं, महापालिकेकडे एक रुपया मागत नव्हतो. हवी होती फक्त एक वर्गखोली आणि शिक्षण विभागाचं पत्र. पत्राशिवाय मुख्याध्यापिका खोली देत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, उद्या काही झालं तर जाब त्यांनाच विचारणार.

शाळेतलं सगळं पटापट झालं. बाईंनी स्वतः मुलांची यादी काढून दिली, शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला. ही समिती लोक फार हलक्यात घेतात, तसं करू नका. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान ७५ टक्के पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम कायद्यानेच तिच्याकडे दिलंय. आमचा वर्ग त्या आराखड्यात घालून घेतला, ह्याचा पुढे खूप उपयोग झाला.

मग फाईल गेली शिक्षण विभागात.

पहिल्यांदा सांगितलं तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट लावा. लावले. मग नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा नोंदणी नंबर हवा. तो होता, दिला. मग ताईंचं पोलीस व्हेरिफिकेशन. ते मागितलंच पाहिजे, लहान मुलांचा प्रश्न आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हे सगळं एकदम का नाही सांगत? दर वेळी एकच त्रुटी, तीही तोंडी, आणि ती पूर्ण करून गेलं की साहेब मीटिंगला नाहीतर इलेक्शन ड्युटीवर. आणि एवढं सगळं झाल्यावर क्लार्कने अर्जावरची सही बघितली आणि म्हणाला, मॅडम तुमचं नाव शेड्यूल वनवर कुठाय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शेड्यूल वन म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदवहीचा उतारा, त्यात संस्थेचे विश्वस्त कोण ते असतं. आमची कार्यकारिणी बदलली होती, अध्यक्ष नवीन, सचिव मी नवीन. असा बदल झाला की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, तो आम्ही वेळेत केला होता, पोचपावतीसुद्धा फाईलला लावली होती. पण त्यावर आदेश व्हायचा होता आणि तोपर्यंत उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. क्लार्कचं म्हणणं, उताऱ्यावर ज्यांचं नाव त्यांचीच सही चालेल. अहो पण त्या जुन्या सचिवबाईंनी राजीनामा दिलाय, त्या आता पदावर नाहीत, त्यांनी सही केली तर ती खोटी होईल ना! ह्यावर उत्तर एकच, नवीन उतारा आणा मग बघू.

मी लेखी द्या म्हणाले, तर लेखी देत नव्हते. मला सगळ्यात जास्त चीड ह्याची आली. लेखी दिलं असतं तर ते घेऊन वरच्या साहेबांकडे तरी गेले असते. जूनमध्ये सुरू व्हायचा वर्ग, सहामाही परीक्षा झाली तरी आमच्या ताया घरी बसून आणि यादीतली मुलं शाळा सुटल्यावर गेटवरून घरी. चौथीतल्या मुलाचे पाच महिने असे गेले की ते परत कुठून आणणार, पाचवीचं पुस्तक तर जाडच होणार आहे.

मार्ग सापडला तो धर्मादाय कार्यालयात, तोही बाकावर शेजारी बसलेल्या एका वकील काकांमुळे. त्यांनी सांगितलं की विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातला बदल तात्पुरता मंजूर करायची तरतूद आहे, कायद्यात त्यासाठी कामकाजाचे १५ दिवस दिलेत, आणि मग हरकती मागवायची नोटीस निघते. आमच्या चेंज रिपोर्टवर तसा आदेश करा म्हणून अर्ज दिला, पाठपुरावा केला, आदेश झाला. त्याची साधी झेरॉक्स घेऊ नका, प्रमाणित नक्कल घ्या, शिक्षण विभागात तीच बघतात.

तरी क्लार्क म्हणतो हे तात्पुरतं आहे. मग मात्र आम्ही एकट्या गेलो नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, त्यांचा मुलगा यादीत होता, त्या ठराव आणि आराखडा घेऊन सोबत आल्या आणि भेटीच्या वेळेत थेट प्रशासन अधिकाऱ्यांसमोर बसल्या. म्हणाल्या, साहेब, पोरगं आत्ता चौथीत आहे, तुमचा कागद येईस्तोवर पाचवीत जाईल. साहेबांनी नक्कल वाचली आणि तिथल्या तिथे शेरा मारला की तात्पुरत्या आदेशावर संस्थेशी करार करावा, अंतिम आदेशाची प्रत नंतर जोडण्याची अट घालावी. इतका वेळ अडलेलं काम एका वाक्यात सुटलं. मला त्या ताईंचा इतका अभिमान वाटला, मी एवढे कायदे वाचून गेले होते पण तो शेरा त्यांनी मिळवला.

आता आठवेल तसं सांगते.

पत्र दिलं की आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. त्रुटी तोंडी सांगितली तर घरी येऊन आपणच पत्र लिहायचं, 'अमुक तारखेला आपण असं सांगितलंत, त्याप्रमाणे हे जोडत आहे', आणि ते आवकला द्यायचं. मी हे करायला लागल्यावर नवीन त्रुटी निघायच्या थांबल्या. फाईल हलतच नसेल तर माहिती अधिकारात फाईलचा दिवसवार प्रवास मागता येतो, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्ज सगळ्यात आधी टाका, प्रत्येकीचं वेगवेगळ्या वेळी येतं. एखादी ताई राखीव ठेवा आणि तिचंही करून घ्या.

करारात हे नक्की लिहून घ्या: किल्ली कोणाकडे, वर्ग सुटल्यावर मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, मुलांचे फोटो कुठे टाकायचे नाहीत, शिपाईदादा थांबणार की नाही. दोन सत्रांत भरणारी शाळा असेल तर खोली खरंच रिकामी असते का ते आधी जाऊन बघा. आणि स्टॅम्प पेपर ५०० चा घ्या, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही.

केंद्राचं विद्यांजली पोर्टल पण आहे, २०२१ मध्ये नव्याने सुरू झालं, त्यावर सरकारी शाळा आपली गरज टाकतात आणि संस्था नाव नोंदवतात. आम्ही नोंदवलं, पण खोलीसाठी पत्र शिक्षण विभागाचंच लागलं.

शिकवण्याबद्दल एकच, मुलांचे गट इयत्तेप्रमाणे करू नका, वाचता किती येतं त्याप्रमाणे करा. 'प्रथम' नावाची शिक्षणात काम करणारी संस्था हे कित्येक वर्षं करतेय. पाचवीतला मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसायला पहिल्यांदा लाजतो, म्हणून गटाला इयत्तेचं नाव देऊ नका, रंगाचं द्या.

आमचा करार एक वर्षाचा आहे. नूतनीकरणाचा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवलाय, आवक नंबरसकट, आणि चेंज रिपोर्टचा अंतिम आदेश आला की त्याची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी जोडणार आहे.