व्हिएन्ना, काळा दगड आणि जीरावनाची पुडी

एप्रिलमध्ये व्हिएन्नाला भूविज्ञानाच्या परिषदेला जाऊन आले. एकटीच. इंदूरहून निघेपर्यंत आईचा धोशा एकच, "सोबत कोण आहे?" सोबत होतं माझ्या अभ्यासाचं पोस्टर. माळव्याच्या बसाल्टमधल्या, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडातल्या विहिरींवरचं, प्लॅस्टिकच्या नळकांड्यात गुंडाळलेलं.

त्या नळकांड्यानेच पहिला घोळ घातला. मुंबईला काउंटरवर ते केबिनमध्ये नेऊ देईनात. पाऊण तास हुज्जत. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून कपड्यांत बसतं. हे मला रांगेतल्या एका मुलाने सांगितलं, म्हणजे अर्थातच उशिरा.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. त्या 15 दिवसांच्या भरवशावर राहू नका. विमा किमान 30,000 युरोचा हवा. निमंत्रणपत्र आणि नोंदणीची पावती, दोन्ही जोडा.

विमानात शेजारी केरळच्या एक निवृत्त नर्स होत्या, आयुष्य व्हिएन्नात गेलेलं. मी आंटी म्हटलं तर म्हणाल्या, "चेची म्हण." मल्याळममध्ये ताई. उतरल्यावर मी विमानतळाच्या खास झगमगीत गाडीच्या पाटीकडे वळले, तर त्यांनी दंड धरून मागे ओढलं. ती गाडी 16 मिनिटांत शहरात नेते, साधी लोकल, एस 7, पंचवीसेक मिनिटांत, आणि तिकीट निम्म्याहून कमी. वर विचारलं, "शिक्का मारलास?" तिथे मेट्रोला फाटकं नाहीत. कागदी तिकिटावर शिक्का नसेल तर निळ्या यंत्रात आपणच मारायचा, नाहीतर तिकीट असून विनातिकीट.

पाण्याची बाटलीही चेचीने घेऊ दिली नाही. नळाचंच प्यायचं. 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नुसत्या उताराने त्या शहरात येतं. आम्ही इंदूरकर नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून पंप लावून घाट चढवतो. मी नळापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

रविवारी पोचत असाल तर खायचं जवळ ठेवा. दुकानं बंद, उघडी असतात ती मोठ्या स्टेशनांतली. माझी पहिली रात्र शेव-चिवड्यावर गेली. इंदूरच्या सराफा बाजारातली खव्याची मावाबाटी मात्र नेऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे.

परिषद डॅन्यूबपलीकडे, यू 1 मेट्रोच्या कैसरम्यूलेन स्टेशनाशेजारी. पोस्टरपाशी पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. हातात मोबाइल घेऊन उभी होते, ही माझी चूक. कामात दिसणाऱ्या माणसाला कोण हटकणार? मोबाइल ठेवला तेव्हा पलीकडच्या पोस्टरवरचा इथिओपियाचा विद्यार्थी आला. त्यांच्या पठारावरही लाव्ह्याचा काळा दगड, सुमारे 3 कोटी वर्षांचा. आपला 6.6 कोटींचा. "तुमचा थोरला," तो म्हणाला. रडगाणं मात्र एकच. पाणी फटींत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे एका बोअरला लागतं नि हाकेच्या अंतरावरची कोरडी जाते. दोन तास आम्ही तेच बोललो. माझ्या भाषणवजा तयारीतलं एक वाक्य कामी आलं नाही.

मग जेवण. त्याचा ईस्टरआधीचा उपवास चालू होता: मांस, अंडी, दूध काहीच नाही. मी शाकाहारी. शाकाहारी म्हणून मिळणाऱ्या सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून त्याने शिकवलं, थेट "व्हेगन आहे का?" असं विचारायचं. नाशमार्क्टच्या बाजारात फलाफल मिळालं. हाही बाजार रविवारी बंद. एरवी उकडलेले बटाटे. त्यावर मी पर्समधली जीरावनाची पुडी काढली. आम्ही इंदूरकर पोह्यांवर भुरभुरतो तोच मसाला. त्याने वास घेतला, नाव लिहून घेतलं, आणि चौथ्या दिवशी पुडी मागूनच घेतली.

अदिस अबाबाला कुणी जाणारं असेल तर सांगा. अर्धा किलो जीरावन पोचवायचंय.