हलक्या हातानं काय होतंय?

सांगलीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. गुडघे, कंबर, आखडलेले खांदे हा रोजचा रतीब. पण माझा जीव रमतो तो स्तनाच्या कॅन्सरनंतर सुजलेल्या हातांत. काखेतल्या लिम्फच्या गाठी काढलेल्या असतात (लिम्फ म्हणजे पेशींभोवतीचं पाणी, ते या गाठींतून गाळून पुढं जातं), वर रेडिएशन झालेलं असतं, आणि कधी सहा महिन्यांनी, कधी चार-पाच वर्षांनी हात भरायला लागतो. वात असेल म्हणून बायका तेल लावून रगडून घेतात. हात सुजू शकतो हे ऑपरेशनच्या वेळी बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. टाके काढले, फाइल हातात दिली, पुढचा पेशंट.

अशाच एक काकू, तासगावकडच्या. डावा हात. मुलीचं लग्न ठरलेलं आणि मागणं एकच: घरात चुडा भरतील तेव्हा दोन्ही हातांत बांगड्या चढल्या पाहिजेत.

बाहेरच्या माणसाला पटणार नाही, पण सुजलेल्या हाताला मी पहिली पंधरा-वीस मिनिटं स्पर्शही करत नाही. सुरुवात मानेपासून, गळपट्टीच्या हाडामागच्या खळगीतून, कारण अंगभरचा लिम्फ शेवटी तिथंच शिरांमध्ये उतरतो. मग चांगल्या बाजूची काख, सुजलेल्या बाजूची जांघ, मग छातीवरून पलीकडं वाट काढायची, आणि त्यानंतर खांदा, दंड, सगळ्यात शेवटी पंजा. पुढची जागा मोकळी नसेल तर मागचं पाणी ढकलून जाणार कुठं? तेल अजिबात नाही. बोटाबरोबर कातडी सरकली पाहिजे, कातडीवरून बोट घसरता कामा नये. हलकं ताणायचं, सोडायचं, कातडी आपली आपण मागं येईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच शिकायला अवघड. कामाला येणाऱ्या शिकाऊ मुली पाठ करून येतात सगळं, पण घाई करतात, आणि घाई झाली की तो नुसता मसाज होतो.

काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, हात सुजलाय माजा, तुमी मानेला काय करताय? आन् जोर कुठाय? नुसतं कुरवाळल्यागत."

एमिल आणि एस्ट्रिड वॉडर या डॅनिश दांपत्यानं 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये हातानं लिम्फचा निचरा करण्याची ही पद्धत बसवली. पुढं जर्मनीत फोल्डी पतिपत्नींनी तिला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड दिली. ही जोड महत्त्वाची. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यातही हातानं निचरा करणं सुरक्षित आणि पट्ट्यांच्या जोडीला थोडा जास्तीचा फायदा देऊ शकेल असं, एवढंच म्हटलंय. म्हणजे राबतात पट्ट्या, कौतुक होतं माझ्या हातांचं. एकेक बोट वेगळं गुंडाळायचं, त्यावर कापूस, त्यावर कमी ताणाच्या पट्ट्या, दिवसरात्र. काकूंना भाकरी थापता येईना, तरी त्यांनी काढल्या नाहीत. कोपराखाली 34 सेंटिमीटरचा हात 31 वर आला. आणि हल्ली गल्लोगल्ली स्पावाले 'लिम्फॅटिक ड्रेनेज'च्या नावाखाली पोटावर लाकडी रूळ फिरवतात, त्यांना काय बोलणार!

लग्नाच्या आदल्या दिवशी मी क्लिनिक बंद करत होते, तेवढ्यात काकू, त्यांचे यजमान आणि दीर आले. काकू शालीत गुरफटलेल्या, दातावर दात आपटत होते. आदल्या संध्याकाळी चुडा भरला होता. डाव्या हातात भरू नका असं मी बजावलं होतं, यजमानांसमोर, दोनदा. पण घरात पाच-सहा जाणत्या बायका. नवरीच्या आईचा एक हात मोकळा ठेवतात होय? कासारानं साबण लावून, पंजा दाबून चार चढवल्या. पाचवी वाढवली आणि अंगठ्याच्या मुळाशी काच लागली. जखम म्हणाल तर एक ओरखडा. आता मनगटापासून कोपरापर्यंत लाल, तापलेला, चकचकीत हात. ताप 102.

गाठी काढलेल्या हातात जंतुसंसर्ग असा पसरतो. अशा वेळी निचरा नाही, पट्ट्या नाहीत, आधी अँटिबायोटिक. मी तसं सांगितलं. यजमान गप्प. दीर म्हणाले, "मॅडम, फक्त उद्यापुरतं. सूज जरा बसवून द्या. आमची पाहुणेमंडळी आलीत."

"आज मी हात लावणार नाही."

"तुमीच सांगता की, जोर लावत न्हाई म्हणून. मग हलक्या हातानं काय होतंय?"

जिथं ऑपरेशन झालं होतं तिथं फोन लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी अर्धं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूज आहे ना? मग मसाज तुमचंच काम." मी फोन ठेवला. बॉलपेन घेऊन लालीच्या कडेनं हातावर रेघ ओढली, शेजारी वेळ लिहिली, बांगड्या कात्रीच्या टोकानं एकेक करून फोडल्या. (दिरांनी तेवढ्यात तोंड फिरवलं.) आणि त्यांना मिरजेला पाठवलं. तिथं पोचेपर्यंत लाली रेघेच्या बोटभर पुढं गेली होती. ती रेघ बघूनच डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं, असं यजमान नंतर म्हणाले. काकू दुसऱ्या दिवशी उजव्या हातात सलाइनची सुई तशीच ठेवून अक्षतांपुरत्या कार्यालयात गेल्या आणि परत कॉटवर येऊन पडल्या.

दिरांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांचं चुकलं कुठं? दुखत नाही, जोर नाही, साइड इफेक्ट नाही, असं आम्हीच तर सांगत असतो. माझ्याही भिंतीवर तसा बोर्ड आहे. ज्या हातानं पाणी हलतं त्यानं नको तेही हलेल. हृदय थकलेलं असेल, शिरेत ताजी गुठळी असेल, तर हाच हलका हात महागात पडतो. पण लोकांना औषध गुणकारीही हवं असतं आणि निरुपद्रवीही, आणि आम्ही दोन्ही विकतो.

दुसरी गोष्ट टेपवर मोजता येत नाही. ऑपरेशन झाल्यापासून त्या बाजूला कुणी हात लावला नव्हता. काकूंनी स्वतःही नाही; नुसतं पाणी ओतून घ्यायच्या. हे त्यांनी छताकडं बघत, सहज सांगितलं होतं. ते उपचारात धरायचं की नाही? मी धरते. बिलात कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला सुचलेलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. कोपराखाली 33. पट्ट्या पुन्हा पहिल्यापासून, नंतर स्लीव्ह (दाब देणारी घट्ट बाही), आणि ती विम्यात बसत नाही म्हणून पैसे घरचे. गाडीवर घेऊन आले होते दीरच. मी मानेपासून सुरुवात केली, तसं त्यांनी पडद्याबाहेरून विचारलं, "आता चालतंय व्हय?"

"आता ताप नाही, लाली नाही. चालतंय."

"तवा भ्यालात तुमी."

भ्याले होतेच.