उपनगर पायी जोडायचं, तर आधी बोळ काढा

गाडीच्या हिशेबाने आखलेलं उपनगर सुधारायचं म्हटलं, की पहिलं चित्र येतं ते खाली दुकानं, वर घरं अशा इमारतींचं. इथेच घोडं पेंड खातं. आसपासच्यांना पायी येताच येत नसेल तर गाळे रिकामे पडतात आणि ‘लोकांना हे नकोच होतं’ असा शिक्का बसतो. माझं म्हणणं ठाम आहे: आधी वाटा जोडा, इमारती मागाहून.

बंद गल्ल्यांच्या वसाहतीत पाठीला पाठ लावलेल्या दोन घरांत जेमतेम ६० मीटर अंतर असतं, पण एका दारातून दुसऱ्या दारात जायला हमरस्त्यावरून दीड किलोमीटरचाही वळसा पडू शकतो. माणूस पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर चालतो. म्हणून नकाशावर बसथांब्याभोवती वर्तुळ काढून समाधान मानू नका. खऱ्या वाटेने ४०० मीटर मोजा, आणि वळसा सरळ अंतराच्या दुपटीहून जास्त निघेल तिथे बोळ काढा.

जागा बऱ्याचदा सापडते. प्लॉटांच्या हद्दीवर ड्रेनेज किंवा पाण्याच्या लाइनीसाठी राखलेली पट्टी असते, तिथून सुरुवात करा. (त्या पट्टीवरचा हक्क लाइनीपुरताच असतो. ये-जा करायचा हक्क वेगळा लिहून घेतला नाही, तर उद्याचा मालक कुंपण घालतो.) फरसबंदी ३ मीटर, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर झाडांसाठी. बोळ सरळ हवा. या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसलं पाहिजे. रहिवाशांचा विरोध चोरीच्या भीतीने होतो, आणि उंच भिंतींमधला वाकडा, अंधारा बोळ ती भीती खरी ठरवतो. म्हणून कमरेच्या वरचं कुंपण जाळीचंच. टोकाला खांब रोवताना मध्ये दीड मीटर मोकळं सोडा: व्हीलचेअर, बाबागाडी जाते, कार अडते. एक खांब कुलपाचा, काढता येणारा ठेवा, नाहीतर लाइन तुंबली की सफाईची गाडी आत जाणार नाही.

हमरस्त्यावर ३.६ मीटरच्या चार लेन ३ मीटरच्या केल्या की २.४ मीटर सुटतात. ते फुटपाथला द्या. कोपऱ्याची वळण-त्रिज्या १० मीटरवरून ४-५ वर आणली की गाड्या हळू वळतात आणि ओलांडायचं अंतर घटतं. अग्निशमन दल हरकत घेतं, म्हणून बंब प्रत्यक्ष कसा वळतो ते आधी आखून दाखवा.

खरी जमीन पार्किंगमध्ये अडकलेली आहे. १,००० चौरस फूट दुकानाला ४-५ गाड्यांची सक्ती, आणि येण्याजाण्याच्या जागेसह एका गाडीला सुमारे ३०० चौरस फूट: दुकानापेक्षा डांबरच जास्त. अमेरिकेतल्या बफेलोने २०१७ मध्ये ही सक्ती काढून टाकली. कोलोराडोतल्या लेकवुडमध्ये १९६६ चा व्हिला इटालिया मॉल पाडून त्या जागी बेलमार नावाची दुकानं-घरांची वस्ती वसवली, तीही आधी रस्त्यांची जाळी टाकून. पुढचे रस्ते आजच आखा आणि पाण्या-ड्रेनेजच्या नव्या लाइनी त्यांच्याखालूनच न्या. नाहीतर प्रत्येक इमारतीच्या वेळी लाइन हलवायचा खर्च बसतो.

दुकानांची सक्ती फक्त चौकात आणि थांब्यापाशी करा. बाकी ठिकाणी तळमजला साडेचार मीटर उंच बांधून घ्या आणि तूर्त तिथे घर, ऑफिस, दवाखाना काहीही चालू द्या. वस्ती वाढली की त्याचाच गाळा होतो. बुटक्या तळमजल्यात मात्र हॉटेलच्या धुराचा डक्ट नंतर बसवता येत नाही.